‘३० दिवसांत डॅनिश’वाला फॉरवर्ड: मावशी, आता बास

काल मावशीने मला तो फॉरवर्ड पाठवला. "डॅनिश ही सगळ्यात सोपी भाषा, रोज १५ मिनिटं, ३० दिवसांत फाडफाड बोला, मराठी माणसाला तर डाव्या हाताचा मळ." खाली तिची स्वतःची ओळ, "बघ, तुला चार वर्षं लागली." नुसती थट्टा असती तर सोडून दिलं असतं, पण तिची लेक पुढच्या महिन्यात नवऱ्यासोबत इथे डेन्मार्कमध्ये, ओडेन्सला येतेय आणि हे वाचून निवांत बसलीये, म्हणून लिहितेय.

आधी हिशोब. १५ मिनिटं गुणिले ३० म्हणजे साडेसात तास. (साडेसाती नाही, तास.) अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांनी डॅनिश सोप्या गटात टाकलीये, इथपर्यंत फॉरवर्डवाला बरोबर. पण त्या सोप्या गटालाही ते वर्गातले साधारण ६०० तास धरतात, तेही मातृभाषा इंग्लिश असणाऱ्यांना. रोजच्या १५ मिनिटांनी ६०० तास भरायला साडेसहा वर्षं लागतात. मला चार लागली, मावशी.

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या मुद्द्यावर. "जसं लिहितात तसंच वाचायचं, आपल्या मराठीसारखं." अरे कुठे? ‘मी’ला लिहितात जेग, म्हणतात याय. लिहायचं मिग, दिग, बोलायचं माय, दाय. जेवणाचं स्पेलिंग एम-ए-डी, ऐकू येतं मॅल, कारण स्वरानंतरचा ड हा सहसा ड नसतोच, ड आणि ल यांच्या मधलं काहीतरी गुळगुळीत असतं. परक्या माणसाची मजा घ्यायची असली की इथले लोक ‘रोडग्रोड मेड फ्लोडे’ म्हणायला लावतात, म्हणजे लाल बेरींची खीर आणि वर साय. स्पेलिंगमध्ये चार ड आहेत, तोंडात एकही नाही.

आणि हुन म्हणजे ती, हुन्ड म्हणजे कुत्रा. हुन्डमधला ड गायब, मग फरक राहतो फक्त घशात, उचकी लागता लागता थांबावी तसा एक झटका. मला ऑफिसात "ती घरी गेली" म्हणायचं होतं, मी आमच्या साहेबीणबाईंना कुत्रा करून घरी पाठवलं. स्पेलिंगवरून घोकायचा तोटा नुसता हसं होण्यापुरता नाहीये, मी पहिले सहा महिने अ‍ॅपवर वाचून शिकले, पाट्या सगळ्या वाचता यायच्या आणि बसमध्ये शेजारची दोघं काय बोलतायत त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

"मराठी माणसाला सोपं" यात एक गोष्ट मात्र खरी निघाली, नाइलाजाने कबूल करते. आकडे. सगळं जग डॅनिश आकड्यांना घाबरतं. पन्नासला हॅल्त्रेस म्हणतात, म्हणजे ‘अर्धा-तिसरा’ विसा (विसा म्हणजे वीसचा गट), आणि आपला अडीच तरी कुठून आला, संस्कृतच्या अर्धतृतीयवरूनच की! अडीच विसा पन्नास, तीन विसा साठ, माझी आजी अंडी अशीच मोजायची. पंचवीसमध्ये पाच आधी येतात तसे इथेही आधीच येतात. घड्याळातलं हॅल त्रे (शब्दशः ‘अर्धा तीन’) म्हणजेही अडीच, इंग्लिश ‘हाफ थ्री’सारखं साडेतीन नाही. हे इंग्लिशमधून विचार करून मी डेंटिस्टकडे तासभर उशिरा पोचले होते.

व्याकरण नाही म्हणे. क्रियापद मी-तू-आम्हीला बदलत नाही, ठीक. पण प्रत्येक नामाला एन की एट (नामांची दोन लिंगं) हे पाठच करावं लागतं. आणि शब्द इंग्लिशसारखे दिसतात म्हणून भुलू नका, गिफ्ट म्हणजे विवाहित, आणि विषसुद्धा.

शेवटचं, "सगळे इंग्लिश बोलतात, क्लासवर पैसे घालवू नका". बोलतात, आणि तीच पंचाईत आहे, तुम्ही जरा अडखळलात की समोरचा लगेच इंग्लिशवर जातो. पण कम्यूनची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) पत्रं डॅनिशमध्ये येतात, कायमच्या वास्तव्याला डॅनिश दोन या पातळीची परीक्षा लागते, नागरिकत्वाला सहसा तीनची. आणि पैसे कसले, कम्यूनच्या भाषाशाळेत डिपॉझिट घेतात, मॉड्यूल (अभ्यासाचा एकेक टप्पा) वेळेत पास झालं की परत देतात. मावशी, लेकीला सांग, सीपीआर नंबर (इथला ओळख क्रमांक) हातात पडला की त्याच आठवड्यात नाव घाल.

मावशीला मी दोन व्हॉइस नोट पाठवल्यात, एकात हुन, एकात हुन्ड, कुत्रा कुठला ते ओळख म्हटलं. निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.