वेबसाइटवर लाइव्ह चॅट टाकताय? मग हे कराच!

सगळ्यात आधी तो गोल फुगा उजव्या कोपऱ्यात असा बसवा की मोबाइलवर 'पुढे जा'चं बटण बरोब्बर त्याच्याखाली दडलं पाहिजे. पान धड उघडायच्या आत 'टुंग' वाजवा.

नाव गोड ठेवा, फोटो हसरा लावा.

नाव, ईमेल, मोबाइल, ऑर्डर नंबर सगळं फॉर्ममध्ये आधीच भरून घ्या आणि मग चॅटमध्ये पहिला प्रश्न टाका, "आपलं नाव सांगाल का?"

आता बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम. परवा माझे पैसे दोनदा कापले गेले म्हणून चॅट उघडला, तर समोर चार बटणं, त्यात माझं दुखणं एकातही नाही. टाइप केलं, पैसे दोनदा गेलेत. उत्तर आलं, "पेमेंट कसं करायचं ते जाणून घ्यायचंय का?" अरे केलंय ना बाबा, दोनदा केलंय! १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वायझेनबाउम नावाच्या संगणकतज्ज्ञांनी एलायझा नावाची अशीच एक बॉट बनवली होती, ती आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायची, कळत तिलाही काडीचं नव्हतं, पण निदान माझी तक्रार तरी मला परत ऐकू आली असती. तीनदा 'माणसाशी बोलायचंय' लिहिल्यावर रांगेत चौदावा नंबर. पंचवीस मिनिटांनी तीन टिंबं नाचायला लागली, ट्रान्झॅक्शन नंबर मागितला, मी बँकेचा मेसेज शोधून परत येतोय तोवर, "आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने चॅट बंद करत आहोत. अनुभव कसा वाटला? तारे द्या." पंचवीस मिनिटं मी थांबलो आणि तुम्हाला दोन मिनिटं धीर नाही!

बॉट चुकीचं बोलला तर हात वर करा. एअर कॅनडा या विमान कंपनीने करून बघितलं, २०२४ मध्ये तिथल्या ट्रिब्युनलने कंपनीलाच प्रवाशाची भरपाई करायला लावली, पण तुमचं नशीब कदाचित बरं असेल.

जाऊ दे, उपरोध बास. माणसं ठेवायची नसतील तर लाइव्ह म्हणू नका ना. साधा ईमेल द्या, दोन दिवसांत उत्तर देतो म्हणा आणि खरंच द्या. रात्री कुणी नसतं तर तो हिरवा ठिपका कशाला पेटवून ठेवता? एकेकाच्या गळ्यात एका वेळी चार-पाच चॅट बांधायचे आणि आमच्या शिव्या त्या बिचाऱ्यांनी खायच्या, लाज वाटत नाही? चॅट तुटला तर आधीचं बोलणं पुढच्या माणसाला दिसू दे, सारखं पहिल्यापासून रामायण सांगायला आम्ही रिकामटेकडे नाही.

आणि तो टुंग बंद करा आधी. टॅब उघडा राहिलाय माझा, हे लिहितानाही दोनदा वाजला.