प्रतिक्रियेला उत्तर : युद्ध टॅरिफवरून झालं का?

नमस्कार,

तुमची कॉमेंट नीट वाचली. अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा (१८६१-६५, फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) माझा लेख तुम्हाला एकांगी वाटला, हरकत नाही, पण तुमचे मुद्दे इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतात की दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं पटेना, म्हणून लांबलचक लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की युद्ध टॅरिफ (आयात मालावरचा कर) आणि राज्यांच्या हक्कांवरून पेटलं, गुलामगिरीचं कारण उत्तरेने मागाहून चिकटवलं, अध्यक्ष लिंकनला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं, दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच, आणि १८६५ ला सगळे सुटले तर आता ते उकरून कशाला काढायचं, आपल्याला काय त्याचं. शिवाय तुम्ही अटलांटाजवळ राहता आणि तिथले जुने लोक असंच सांगतात.

टॅरिफचं आधी उरकते. ज्या मॉरिल टॅरिफचा तुम्ही दाखला दिलात त्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला. तोवर सात राज्यं फुटून गेलेली होती, त्यांचे सेनेटर घरी जाऊन बसले होते आणि ते गेल्यामुळेच तर ते बिल पास व्हायला वाट मिळाली. मग जे अजून झालंच नव्हतं त्याच्यावर चिडून ही राज्यं डिसेंबर ते फेब्रुवारीत कशी काय बाहेर पडली?

राज्यांच्या हक्कांचं मात्र सविस्तर बघू. साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं आणि चारच दिवसांत आपण का पडतोय त्याची कारणं त्यांनी लिहून छापून काढली. त्यात तक्रार कसली आहे? उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, उलट ते द्यावे लागू नयेत म्हणून आपापले कायदे करतात. आणि न्यूयॉर्कचं तर नाव घेऊन म्हटलंय की तिथल्या कोर्टांनी गुलामाला नुसतं राज्यातून घेऊन जायचा हक्कसुद्धा नाकारलाय. म्हणजे न्यूयॉर्कने आपला राज्य म्हणून असलेला हक्क वापरला हाच यांचा राग! १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा तर सरळसरळ केंद्राचा होता, त्यात केंद्राने नेमलेला कमिशनर माणसाला मालकाकडे परत धाडलं तर १० डॉलर घ्यायचा आणि सोडून दिलं तर ५, आणि हा कायदा दक्षिणेने मागून घेतलेला होता, तेव्हा राज्यांच्या हक्कांची आठवण कुणाला झाली नाही. मिसिसिपीने तर काही आडपडदाच ठेवला नाही, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे असं सुरुवातीलाच लिहिलं. फुटीर राज्यांनी जी नवी घटना केली तिच्यात काळ्या गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला (संसदेला) करता येणार नाही असं स्वच्छ कलम आहे.

आता अलेक्झांडर स्टीफन्स या माणसाकडे बघा, कारण तुमच्या कॉमेंटचं मूळ मला इथे दिसतं. हा त्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात भरसभेत त्याने सांगितलं की आमच्या सरकारची कोनशिला ही आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी हीच त्याची नैसर्गिक अवस्था. चार वर्षांनी युद्ध हरले, त्याला काही महिने तुरुंगात राहावं लागलं, आणि मग त्याच स्टीफन्सने दोन खंडांचं जाडजूड पुस्तक लिहून मांडलं की भांडण घटनेच्या तत्त्वांचं होतं, केंद्र विरुद्ध राज्यं, गुलामगिरी नुसती निमित्ताला. माणूस तोच. मी त्याचं १८६१ चं बोलणं खरं धरते, कारण तेव्हा त्याला लपवायची गरज नव्हती, टाळ्या मिळत होत्या. तुम्हाला तिथले जुने लोक जे सांगतात ते हरल्यानंतरचं सांगणं आहे, ते पुढे शाळेच्या पुस्तकांतून आणि पुतळ्यांतून पिढ्यान् पिढ्या गिरवलं गेलं.

लिंकनबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी लेखातही म्हटलं होतं. १८६१ ला उत्तर गुलाम सोडवायला लढायला उतरली नाही, संघराज्य टिकवायला उतरली, आणि तिच्याकडच्या केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी चालूच होती. पण तुम्ही लिंकनचं जे पत्र दिलंय, एकही गुलाम न सोडता संघ वाचणार असेल तर मी तसं करीन वालं, ते २२ ऑगस्ट १८६२ चं आहे, आणि बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने मंत्रिमंडळाला वाचून दाखवलेला होता. त्याच पत्राच्या शेवटी सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा आहे असंही आहे, ते तुमच्या कॉमेंटमध्ये गाळलं गेलंय.

आणि खरं सांगू का, लिंकन काय म्हणाला यावर आपण इतकं बोलतो आणि ज्यांच्यावरून हे सगळं झालं ते जवळपास ४० लाख लोक काय करत होते हे विचारत नाही. मे १८६१, युद्धाला सव्वा महिना झालेला, व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर पोचले. मालक त्यांना दक्षिणेच्या तोफांचे मोर्चे बांधायला राबवत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना परत मागायला माणूस आला, तर किल्ल्यावरच्या जनरल बटलरने सांगितलं की तुम्ही यांना मालमत्ता म्हणता ना, मग ही शत्रूची युद्धात वापरलेली मालमत्ता आहे, देत नाही. बघता बघता शेकड्यांनी लोक तिथे यायला लागले. वॉशिंग्टनमध्ये जाहीरनाम्याचा विचारही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पुढे १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले.

बहुतेकांकडे गुलाम नव्हते म्हणता, तर मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिनात जवळपास निम्म्या गोऱ्या कुटुंबांकडे होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचंही शेत, कर्ज, पत, मुलाबाळांची स्वप्नं सगळं गुलामांनी पिकवलेल्या कापसाच्या आधारावर उभं होतं.

आता "१८६५ ला सुटले, विषय संपला". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी मिसिसिपीने कायदा केला की प्रत्येक मुक्त काळ्या माणसाकडे जानेवारीत कामाचा किंवा राहत्या जागेचा लेखी पुरावा पाहिजे. करार मोडून काम सोडलं तर तोवरची मजुरी बुडाली, वर कुणीही माणूस पकडून परत आणू शकतो. काम नसेल तर भटक्या म्हणून दंड, दंड भरता नाही आला तर जो भरेल त्याच्याकडे शेरीफ राबायला देणार, बहुतेकदा तेच शेत आणि तोच मालक. उत्तरेच्या जनरल शर्मनच्या हुकमाने किनाऱ्यालगतची जी जमीन ४०-४० एकरांनी वाटली होती ती लिंकननंतरच्या अध्यक्ष जॉन्सनने काही महिन्यांत जुन्या मालकांना परत देऊन टाकली, लोकांनी पेरलेली असताना. आणि विकून टाकलेली माणसं? न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात हरवलेल्या आप्तांचं सदर चालायचं. आईला अमक्या मालकाने तमक्याला विकलं, भावाचं नाव हे, शेवटचं तिथे पाहिलं, कुणाला माहीत असेल तर कळवा. हे सदर सुरू झालं ते युद्ध संपून दहा वर्षं उलटल्यावर, आणि वीस वर्षांहून जास्त चाललं.

मताचं बघा. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये दीड हजारही उरले नाहीत. हे आपोआप झालं नाही, राज्याची नवीन घटना, मतदारांची लिहिण्यावाचण्याची परीक्षा, मतदानावरचा कर, आणि त्याआधी बंदूक.

"आपल्याला काय त्याचं" म्हणालात. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद पडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि युद्ध संपल्यावर १८६५ ला सगळं कोसळलं, हे झालं पैशाचं. पण पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवायला झीज सोसली, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कोर्टाची इमारत राखणाऱ्या काळ्या माणसांना गोऱ्या टोळीने मारलं, कितीतरी जणांना शरण आल्यावर, मेलेल्यांचा आकडा निदान ६० तर काही अंदाजांनी १५० पर्यंत जातो. तिघांना दोषी ठरवलं, ते १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. फुल्यांनी ज्यांच्याकडे आशेने बघितलं त्या देशात काम अर्धवट टाकलं जात होतं.

उकरून कोण काढतंय म्हणाल तर तुमच्या घराजवळचा स्टोन माउंटन बघा. १९१५ ला गोऱ्या वर्चस्ववाद्यांची कू क्लक्स क्लॅन ही टोळी तिथेच नव्याने उभी राहिली, आणि डेव्हिस, ली, जॅक्सन या फुटीर राज्यांच्या पुढाऱ्यांचं ते अवाढव्य शिल्प पुरं झालं १९७२ ला, युद्ध संपून शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर.

तुमची कॉमेंट मी काढणार नाहीये, राहू दे. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी दोन्हींचे फुटण्याची कारणं सांगणारे जाहीरनामे नेटवर फुकट आहेत, एका बैठकीत वाचून होतात. त्यात टॅरिफ कुठल्या परिच्छेदात सापडला ते लिहा, इथेच पुढे बोलू.