प्रोस्टेट वाढली म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढलं? छे!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याने प्रोस्टेट सुजते, पुढे तिचाच कॅन्सर होतो. रोज मूठभर भोपळ्याच्या बिया खा, हार्मोन ताळ्यावर येतात, डॉक्टर नको.’

टेस्टोस्टेरॉन वाढतं? साफ उलट. वयाबरोबर ते हळूहळू घटतं. जास्त टेस्टोस्टेरॉनने प्रोस्टेट वाढत असती तर विशीतल्या पोरांना लघवीसाठी रात्री चारदा उठावं लागलं असतं. खरी भानगड रक्तात कमी, प्रोस्टेट या ग्रंथीत जास्त. तिथलं ५-अल्फा-रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनवतं, आणि हे डीएचटी टेस्टोस्टेरॉनपेक्षा कितीतरी जोरकस असतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेले पुरुष आढळले; १९७४ साली त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, प्रोस्टेट मात्र मोठेपणीही इवलीशीच. हे एन्झाइम अडवणारं फिनास्टेराइड हे प्रोस्टेटवाढीवरचं औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं.

‘सुजते’ म्हणताना मेसेजवाल्याने दोन गोष्टींची खिचडी केलीय. पेशींची संख्या वाढणं वेगळं, दाह वेगळा. दोन्ही बऱ्याचदा एकत्र दिसतात, हे खरं. पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढलेल्या आठ हजारांवर पुरुषांच्या एका अभ्यासात चारांपैकी तिघांच्या प्रोस्टेटमधून तपासायला काढलेल्या तुकड्यांत जुनाट दाह सापडला होता. इथे इस्ट्रोजेनचाही, म्हणजे पुरुषांतही थोडं असणाऱ्या स्त्री-हार्मोनचाही, हात असावा. टेस्टोस्टेरॉन उतरतं तेवढं इस्ट्रोजेन उतरत नाही. पोटावरची चरबी ते तयार करतच राहते. जास्त इस्ट्रोजेन दिलेल्या उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये दाहाच्या पेशी गोळा होतात. माणसात आधी दाह की आधी वाढ, हा वाद मिटलेला नाही.

कॅन्सरचं म्हणाल, तर साधी वाढ मूत्रनलिकेभोवतीच्या भागात होते, कॅन्सर बहुतेकदा बाहेरच्या भागात. एकाचं दुसरं होत नाही, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

बिया खुशाल खा, चिवड्यात छान लागतात. त्यांनी हार्मोन ताळ्यावर येऊन ग्रंथी आक्रसते, याला पुरावा नाही. लघवी अडली किंवा लघवीत रक्त दिसलं तर बियांची वाट बघत बसू नका.

आणि केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेत असाल तर पीएसए तपासताना डॉक्टरांना सांगा. काही महिन्यांत या गोळीने पीएसए जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टात २ दिसला तरी तो ४ धरावा लागतो.