ग्राफिक्स कार्ड रिकामं असेल तर आइन्स्टाइन ॲट होमला द्या

औंढा नागनाथजवळ लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, होणार म्हटल्यापासून आपल्या हिंगोली जिल्ह्यात त्याबद्दल दोनच गोष्टी कानावर येतात. जमिनीचे भाव किती वाढणार, आणि आपल्या पोरांना तिथे नोकऱ्या लागणार का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्या विज्ञानात आपल्याला आत्ता, घरबसल्या काही हातभार लावता येईल का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. लावता येतो. मी लावतोय, आणि तुम्हीही लावावा असं मनापासून वाटतं. म्हणून एवढं लांब लिहितोय.

माझा धंदा बऱ्याच जणांना माहीत आहे. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग. त्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर घ्यावाच लागतो, नाहीतर रेंडरला लावलेला व्हिडिओ सकाळपर्यंत संपत नाही. लग्नसराईत या मशीनला उसंत नसते. आषाढी एकादशी झाली की तिथी संपतात, आणि मग तुळशीच्या लग्नापर्यंत बारसं, वाढदिवस, कुणाचा तरी सेवानिवृत्तीचा कार्यक्रम, एवढंच काम उरतं. धंद्यातली सर्वात महागडी वस्तू महिनोन् महिने नुसती बसून. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असे स्टुडिओ आहेत आणि सगळ्यांची हीच गत आहे. माझं मशीन त्या काळात आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पासाठी चालतं.

हा प्रकल्प फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाला. ब्रूस ॲलन हे त्याचे प्रमुख. जर्मनीत हानोवरची माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ मिळून तो चालवतात. आपण फक्त बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते तयार झालंय. ते इंटरनेटवरून डेटाचा एक तुकडा आणतं, मशीन रिकामं असताना त्यावर गणित करतं, उत्तर परत पाठवतं आणि पुढचा तुकडा मागतं.

शोध कशाचा चालतो, ते नीट सांगतो, कारण मला खरी गोडी तिथेच लागली.

सूर्यापेक्षा बराच मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्फोट होऊन संपतो, तेव्हा कधीकधी मागे एक गोळा उरतो. वजन सूर्यापेक्षा जास्त आणि रुंदी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे साधारण वसमत ते औंढा एवढी. हा न्यूट्रॉन तारा. यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात. असा तारा अगदी गुळगुळीत असेल तर काही होत नाही. पण त्याच्या अंगावर मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही लहान, उंचवटा असला तरी फिरताना तो गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आवळत जाणारे अतिसूक्ष्म तरंग, सोडत राहतो, न थांबता, एका संथ सुरात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिल्यांदा जी लहर टिपली ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती, सेकंदाच्या अंशभरात संपलेली. ती शास्त्रज्ञांच्या स्वतःच्या यंत्रणेने पकडली, आपल्यासारख्यांच्या कॉम्प्युटरनी नाही. आम्ही शोधतोय तो दुसरा, सतत चालणारा सूर. तो फार क्षीण असतो. महिनोन् महिन्यांचा डेटा एकत्र धरल्याशिवाय ऐकूच येणार नाही.

गोंगाटातून लहर ओळखायची एक रीत म्हणजे लहरीचा आकार आधी गणिताने काढायचा आणि तो डेटावर लावून कुठे जुळतो ते पाहायचं. टकरींच्या लहरींसाठी या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पायाभूत काम केलं, लायगो उभं राहण्याच्या कितीतरी आधी. हे आपल्या शाळांमधून का सांगितलं जात नाही, मला कळत नाही.

सतत चालणाऱ्या सुराची अडचण मात्र वेगळी आहे. तारा आकाशात कुठे आहे माहीत नाही, किती वेगाने फिरतो माहीत नाही, तो वेग किती हळूहळू कमी होतोय तेही माहीत नाही. त्यात आपली पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सूर चढतो-उतरतो, आणि आकाशातल्या प्रत्येक दिशेसाठी हा चढउतार निराळा. म्हणजे प्रत्येक दिशा, प्रत्येक वेग, प्रत्येक घट यांची जोडी लावून पाहायची. जितका जास्त काळाचा डेटा घ्यावा तितकं बारीक चाळावं लागतं, आणि गणित नुसतं दुप्पट-तिप्पट होत नाही, आवाक्याबाहेर जातं.

पण या गणिताचा एक गुण आहे. कापूस वेचणीला बाया एकेक पात धरून लागतात आणि एकीच्या पातीचा दुसरीच्या पातीशी संबंध नसतो, तसे याचे तुकडे सुटे असतात. माझ्या मशीनला जर्मनीतल्या मशीनशी बोलावं लागत नाही. हवामानाच्या एकाच अंदाजाचं असं करता येत नाही, कारण तिथे एका चौकोनातलं वारं-पाऊस शेजारच्या चौकोनावर अवलंबून असतं आणि क्षणाक्षणाला देवाणघेवाण लागते. त्याला महासंगणकच हवा. सुट्या तुकड्यांच्या कामाला मात्र हजारो घरांतली मशीन चालतात.

उत्तर चुकलं तर? एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जातो आणि उत्तरं जुळली तरच घेतात. लहरींबरोबरच हा प्रकल्प दुर्बिणींच्या डेटातही न्यूट्रॉन तारे शोधतो, आणि २०१० मध्ये त्याचा पहिला मोठा शोध लागला तो असाच. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात, सेकंदाला साधारण ४१ वेळा फिरणारा एक पल्सार, म्हणजे फिरता फिरता रेडिओ लहरींचे झोत टाकणारा न्यूट्रॉन तारा. तो ज्या तुकड्यात होता तो अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झच्या एका माणसाच्या कॉम्प्युटरवर तपासला गेला होता. हे कुणी खगोलशास्त्रज्ञ नव्हेत. त्यांना श्रेय देऊन तो शोध 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. पुढे २०२० मध्ये फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या डेटातून आणखी एक विलक्षण पल्सार सापडला. सेकंदाला पाचशेहून जास्त फेऱ्या, आणि त्याचा जोडीदार त्याच्याभोवती फक्त ७५ मिनिटांत चक्कर मारतो. त्या शोधात ग्राफिक्स कार्डांचाच मोठा वाटा होता, आमच्या स्टुडिओंमध्ये असतात तसल्या.

गुरुत्वीय लहरींचा सतत सूर मात्र अजून सापडलेला नाही. हे मी लपवणार नाही. तुम्ही बॉइंक टाकलंत आणि उद्या पेपरात नाव येईल असं धरून बसलात तर निराश व्हाल. पण न सापडण्यातूनही काही कळतं. अमुक अंतरावर, अमुक वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यावर याहून मोठा उंचवटा असता तर आपल्याला दिसला असता, एवढं आता छातीठोक सांगता येतं, आणि ती मर्यादा दर शोधागणिक खाली सरकते आहे. माझ्या मते एवढं ज्ञान विजेच्या बिलाच्या किमतीचं आहे.

आता बिलाबद्दल, कारण या विषयावर बोलणारे बरेच लोक "नाहीतरी वाया जाणारा वेळ" असं म्हणून मोकळे होतात. ते खरं नाही. रिकामं मशीन थोडीच वीज घेतं, गणित करणारं मशीन भरपूर घेतं. ग्राफिक्स कार्डासकट अडीचशे वॅट धरले आणि रोज सहा तास चालवलं तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. युनिटला दहा रुपये धरले तर साडेचारशे रुपये झाले. वर जास्त वापराच्या स्लॅबमध्ये गेलात तर दर आणखी चढतो. हे रोख दान आहे असं समजूनच करा. आणि ती वीज आपल्याकडे मुख्यतः कोळशातून येते. चंद्रपूरच्या लोकांना त्या राखेबद्दल विचारा. म्हणून मी फक्त दिवसा चालवतो, छतावरच्या सोलरवर. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण भरतो त्या दरापेक्षा फारच कमी असतो, तेव्हा ती युनिट गणितात गेलेली मला जास्त आवडतात. ज्यांच्याकडे सोलर नाही आणि घरखर्च ओढाताणीचा आहे त्यांनी हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विज्ञान थांबत नाही त्याने.

मे महिन्यातही करू नये. आपल्याकडच्या उन्हात खोलीत आणखी एक हीटर लावल्यासारखं होतं. लॅपटॉपवर तर कधीच नको, पंखा आणि बॅटरी दोन्ही जातात.

"यात पैसे मिळतात का" हे हमखास विचारतात. नाही. फक्त क्रेडिट नावाचे गुण मिळतात, ते कुठेही वटत नाहीत. हे बिटकॉइनसारखं कॉम्प्युटरवर आभासी चलन कमावणं, म्हणजे माइनिंग, नाही. याच्या नावाखाली कुणी व्हॉट्सॲपवर कमाईची लिंक पाठवली तर ती फसवणूक आहे असं समजा, आणि सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या.

दुसऱ्याच्या मशीनवर परस्पर टाकू नका, हे कॉलेजच्या पोरांना मुद्दाम सांगतोय. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या संगणक व्यवस्थापकाने लॅबमधल्या मशीनवर अशाच स्वयंसेवी प्रकल्पाचं सॉफ्टवेअर विनापरवानगी टाकलं, तर त्याच्यावर फौजदारी खटला झाला. लॅबमध्ये करायचं असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. आणि परवानगी मिळाली तर नुसतं लावून सोडू नका, त्या तुकड्यात काय आहे ते पोरांना समजावून सांगा. नाहीतर कॉलेजने वीज दिली एवढंच होईल.

कुणाला आकाशापेक्षा आजारांचं काम जवळचं वाटत असेल तर फोल्डिंग ॲट होम आहे. प्रथिनं कशी घडी घालतात, कशी हलतात त्याचं गणित करतं. २००० सालापासून चालू आहे. २०२० च्या वसंतात कोरोनामुळे जगभरातून इतके लोक जोडले गेले की त्यांची एकत्रित ताकद तेव्हाच्या सर्वात मोठ्या महासंगणकांच्या पुढे गेली. मी आइन्स्टाइन ॲट होम निवडलं ते लायगोच्या ओढीने, दुसरं कारण नाही.

ज्यांच्याकडे मोठं मशीनच नाही त्यांनी ग्रॅव्हिटी स्पाय पाहा. २०१६ पासून चालू आहे. लायगोच्या डेटात वाऱ्याने, भूकंपाच्या हादऱ्याने, यंत्रातल्या बिघाडाने खोटे ठसे उमटतात. ते चित्ररूपात दाखवतात, आणि माणसाने डोळ्यांनी पाहून प्रकार सांगायचा. त्यातले काही प्रकार तर स्वयंसेवकांनीच पहिल्यांदा वेगळे काढले. वीज लागत नाही, नजर लागते. आठवी-नववीच्या पोरींना हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे मी घरी पाहिलंय.

ही खोट्या ठशांची ओळख आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. औंढ्याचं यंत्र सुरू होईल तेव्हा त्याचे स्वतःचे गोंगाट असतील: इथला पाऊस, इथली वाहतूक, इथली काळी जमीन. ते ओळखायला शिकलेली माणसं याच जिल्ह्यातली असावीत असं मला वाटतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींना मंजुरी दिली; चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायला अजून वर्षं लागतील. आज नववीत असलेली पोरगी तोवर पदवीधर झालेली असेल.

वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली, कुठल्याही शाळेला किंवा कॉलेजला हे दाखवायचं असेल तर मला मेसेज करा. तुळशीच्या लग्नाआधी कधीही येईन, मशीन माझं आणतो, गाडीखर्च माझा. प्रोजेक्टर तेवढा तुमचा लागेल.