‘डोळ्यात नवी लेन्स उगवते’ : आत्याच्या फोनवर आलेल्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात आत्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. का, म्हणून विचारलं तर तिने फोनच पुढे केला. ‘नक्की वाचा, इतरांनाही पाठवा’ छापाचा मजकूर होता. थोडक्यात असा : चीनच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात नैसर्गिक लेन्स पुन्हा उगवून दाखवली आहे आणि तिच्यावर जाळी येत नाही. कृत्रिम लेन्स मात्र दोन-तीन वर्षांत गढूळ होते. मग लेझर मारतात, त्याने डोळ्याचा पडदा जळतो. जाळी न येण्याचं औषध केव्हाच सापडलंय, कंपन्या ते दाबून ठेवतात. तेव्हा ऑपरेशन थांबवा, तोवर मध आणि कांद्याचा रस घाला.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. त्याच्या जोरावर बाकीचं खपून जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘नैसर्गिक लेन्स पुन्हा उगवते.’ उगवली, पण कोणाच्या डोळ्यात? ग्वांगझू शहरातल्या सुन यात-सेन विद्यापीठाच्या नेत्रविभागातले हाओतियान लिन, यिझी लिऊ आणि अमेरिकेतले कांग झांग यांच्या गटाचा हा प्रयोग मार्च 2016 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. आधी ससे, मग माकडं आणि शेवटी 12 तान्ही बाळं, म्हणजे 24 डोळे. सगळी दोन वर्षांच्या आतली, जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली.

डोळ्यातली लेन्स एका पातळ पारदर्शक पिशवीत असते. नेहमीच्या ऑपरेशनात त्या पिशवीला पुढून, ऐन मध्यावर, पाच-सहा मिलिमीटरचं गोल भोक पाडतात. ग्वांगझूच्या डॉक्टरांनी ते जेमतेम 1 ते 1.5 मिलिमीटरचं केलं आणि मध्यावरून हटवून बाजूला नेलं. त्यातून आतला गढूळ भाग ओढून घेतला, पिशवी मात्र जवळपास अखंड ठेवली. पिशवीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींनी तीनेक महिन्यांत दोन्हीकडून फुगीर अशी नवी लेन्स तयार केली. जखमेचा वण नजरेच्या वाटेतून बाजूला गेला होता, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या बाळांपेक्षा मध्यभागी गढूळपणा फारच कमी आला. काम सुरेखच आहे, त्यात वाद नाही.

आता आत्याचं वय 71. बाळाचा मोतीबिंदू मऊ असतो, बारीक भोकातून ओढला जातो. सत्तरीतला गाभा कडक झालेला असतो, तो फेको नावाच्या यंत्राच्या ध्वनिलहरींनी फोडावा लागतो आणि त्यासाठी पिशवीचं तोंड मोठं लागतं. शिवाय त्या अस्तरातल्या पेशींचा जोम वयाबरोबर ओसरतो. सशांमध्ये लेन्स परत वाढते हे तर 1827 पासून माहीत आहे. कोक्तो आणि लेरॉय देत्योल या फ्रेंच जोडीने तेव्हाच तसं नोंदवलं होतं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सशात दिसलेली गोष्ट 2016 मध्ये बाळांपर्यंत आली. तिथून आजीपर्यंतचा रस्ता अजून कोणी बांधलेला नाही.

‘कृत्रिम लेन्स गढूळ होते.’ मला वाटतं, सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी दिसणं पुन्हा धूसर झालं की लोक म्हणतात ‘लेन्सवर जाळी आली’. शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर पुढचं वाक्य ठरलेलंच : ‘हलकी लेन्स टाकली असणार.’ पण जाळी बहुतेक वेळा लेन्सवर नसतेच. लेन्स ज्या पिशवीत बसवली, तिच्या मागच्या भिंतीवर ती असते. ही भिंत मध्याशी साधारण 4 मायक्रॉन जाडीची, आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा. डॉक्टर ती मुद्दाम राखतात, कारण कृत्रिम लेन्सला तिचाच आधार.

पिशवीच्या पुढच्या भिंतीला आतून पेशींचं अस्तर असतं. मोतीबिंदू काढताना कितीही धुतलं-पुसलं तरी कडेच्या खाचेतल्या काही पेशी राहतातच. जन्मभर त्यांनी एकच काम केलेलं असतं, लेन्सचे तंतू बनवायचं, आणि लेन्स निघून गेली तरी त्या ते सोडत नाहीत. त्या मागच्या रिकाम्या भिंतीवर सरकतात. काहींचे मोत्यांसारखे फुगे होतात, त्यांना एल्श्निगचे मोती म्हणतात. काही रूप पालटून व्रणातल्या पेशींसारख्या होतात, आकसतात आणि भिंतीला चुण्या पाडतात. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या संशोधकांनी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांतल्या अशा पिशव्या प्रयोगशाळेत जगवल्या, तेव्हा बाहेरून प्रथिनांचा खुराक न देताही या पेशी वाढत राहिल्या. इतक्या चिवट.

म्हणजे ग्वांगझूच्या बाळांत नवी लेन्स घडवणाऱ्या आणि शेजारच्या काकांना जाळी आणणाऱ्या पेशी एकच! अखंड पिशवी आणि कोवळं वय मिळालं तर त्या शिस्तीत थर रचतात आणि थर पारदर्शक राहतो. फाटकी पिशवी आणि उतारवय मिळालं तर नुसती अस्ताव्यस्त दाटी. मजकूर लिहिणाऱ्याने एकीला चमत्कार ठरवलं आणि दुसरीचं खापर लेन्सवर फोडलं.

आकडे हवेत तर 1998 मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज झाली होती : एका वर्षात 11.8 टक्के डोळ्यांत जाळी, तीन वर्षांत 20.7, पाच वर्षांत 28.4. हे बहुतांशी जुन्या घडणीच्या लेन्सचे आकडे. सगळ्यांनाच आणि दोन वर्षांत येते, असं त्यातही कुठे नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. पाणी धरणाऱ्या अॅक्रिलिकच्या काही लेन्समध्ये क्वचित कॅल्शियम साचून लेन्सच पांढुरकी होते. तेव्हा ती बदलावी लागते, आणि जाळी समजून आधी लेझर मारला गेला असेल तर बदलणं अवघड होऊन बसतं. म्हणून डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नीट तपासणं गरजेचं. पण हा अपवाद आहे.

‘लेझरने पडदा जळतो.’ या कामाचा लेझर जाळणारा नाही. याग लेझरचा झोत क्षणाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका अल्प काळ एका बिंदूवर एकवटतो, तिथे सूक्ष्म स्फोट होतो आणि धक्क्याने भिंतीला चीर पडते. अशा काही चिरा जोडून मध्यावर खिडकी उघडतात. थेंब घालून बाहुली मोठी करायची, हनुवटी टेकवून बसायचं, काही मिनिटांत उठायचं. टाका नाही, पट्टी नाही. धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही : काही तास डोळ्यातला दाब वाढू शकतो, दृष्टिपटलाच्या, म्हणजे पडद्याच्या, मध्याला सूज येऊ शकते, आणि क्वचित, विशेषतः मोठा मायनस नंबर असलेल्यांत, दृष्टिपटल सुटू शकतं. नंतर विजा चमकल्यासारखं वाटलं, काळ्या ठिपक्यांचा सडा पडला किंवा कडेने सावली सरकत आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पडदा ‘जळतो’ म्हणणाऱ्याला बहुधा मधुमेहींच्या पडद्यावर मारायचा लेझर आठवत असावा. तो वेगळा, त्याचं काम वेगळं.

‘औषध सापडलंय, दाबून ठेवलंय.’ दाबलेलं काहीच नाही, सगळं छापून पडलेलं आहे. मायटोमायसिन, फ्लुरोयुरॅसिल, मेथोट्रेक्सेट अशी कॅन्सरची औषधं झाली, विषारी प्रथिन जोडलेली प्रतिपिंडं झाली, लेन्सवर थॅप्सिगार्गिन या पेशी मारणाऱ्या रसायनाचा लेप देऊन झाला. ऑस्ट्रेलियात अँथनी मलूफ यांनी पिशवीचं तोंड तात्पुरतं बंद करून आत नुसतं शुद्ध पाणी खेळवायची युक्ती काढली, म्हणजे पेशी पाणी पिऊन फुटतील आणि बाहेर काही सांडणार नाही. अडचण नेहमी तीच. चिवट पेशी मारेल असं काहीही दोन-तीन मिलिमीटरवरच्या बुबुळाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या अस्तराला लागलं तर तिथल्या पेशी माणसात परत वाढत नाहीत. रोजच्या ऑपरेशनात स्थिरावलेलं औषध म्हणूनच नाही.

उपयोगी पडली ती भूमिती. लेन्सची कड गोल न ठेवता काटकोनी ठेवली की मागची भिंत तिच्याभोवती घट्ट वळते आणि सरकत येणाऱ्या पेशी त्या कोपऱ्याशी अडतात. जपानच्या ओकिहिरो निशी यांनी 1990 च्या दशकात सशांच्या डोळ्यांत हे दाखवलं. आज चांगल्या लेन्स याच घडणीच्या असतात आणि कंपन्या ती कड दाबून ठेवत नाहीत, जाहिरातीत मिरवतात. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या मारी-जोझे तासिन्यों यांनी तर पिशवीच्या दोन्ही भिंतींना भोक पाडून त्यांच्या कडा लेन्सच्याच खोबणीत अडकवल्या. पेशी आतच कोंडल्या जातात, मध्यावर यायला भिंतच उरत नाही. बाळांत जाळी जवळपास हटकून येते, म्हणून तिथे मागची भिंत ऑपरेशनातच उघडायची पद्धत आहे.

राहिला मध आणि कांदा. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, मध बाहेर. आत काही पोचत नाही, बाहेर जंतू मात्र पोचतात. आणि थांबण्याचं म्हणाल तर मोतीबिंदू पिकत जाईल तसा गाभा कडक होतो, फोडायला जास्त ताकद लावावी लागते आणि मघाशी म्हटलेल्या त्या न वाढणाऱ्या पेशींना तिचाच मार बसतो.

हे सगळं आत्याला सांगायला दोन दुपारी लागल्या. तिने नवी तारीख घेतली आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत, त्यात पहिला : ‘कड चौकोनी आहे ना?’