थर्मोस्टॅट काढून फेकण्याआधी हे वाचा

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ऊन तापू लागलं की नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: 'रेडिएटर किंवा वॉटर पंपाचं काम केल्यावर तापमानाचा काटा वर गेला तर थर्मोस्टॅट खराब आहे, काढून टाका, आपल्या उन्हात त्याची गरजच नाही. साधं पाणी भरा. काटा मधोमध राहिला की गाडी ठणठणीत. शंका आली तर रेडिएटरची टोपी उघडून पाहा.' यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि शेवटचा तर हात भाजणारा आहे.

कूलिंग सिस्टिम रिकामी करून परत भरली की आत हवा अडकते. काम झाल्याझाल्या काटा नाचत असेल तर पहिला संशय या हवेवर घ्यायचा. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो. भोवती हवा असली तर इंजिन तापत असूनही आकडा कमी दिसतो आणि वाफ लागताच एकदम उसळतो. इंजिन गरम झालंय, हीटर पूर्ण गरमवर आहे, तरी झोतातून गरम हवा येत नाही, ही त्याची ठळक खूण. थंड इंजिनात, गाडीचं तोंड चढाकडे ठेवून, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडणारा स्क्रू) असेल तर सैल करून कूलंट हळूहळू भरा. मग स्क्रू आवळून, टोपी लावून, हीटर गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन एकदोनदा लागून बंद होईस्तोवर इंजिन चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

आता 'नागपुरात गरज नाही' हे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. मे महिन्यातले आपले ४५ अंश आपल्याला जीवघेणे, पण इंजिनाच्या हिशेबी ते थंडच! तो काढला की वर्धा रोडला मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापमानाला येत नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो, झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो नसला तर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो, आणि सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त हीट होते. संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून उघडतो का ते बघा. नसेल उघडत तर नवा टाका.

मधोमध असलेल्या काट्यावरही विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान दहा-पंधरा अंशांनी बदललं तरी काटा जागचा हलत नाही, तसाच तो बसवलेला असतो. खरा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर दिसतो. सकाळी गाडी चालू करण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बराच फरक असेल तर सेन्सर तपासा. उणे ४० दिसलं तर बहुधा काम करताना काढलेला कनेक्टर परत लावायचा राहिलाय.

साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, आणि बोअरचं जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतं. कंपनीने सांगितलेलं कूलंटच भरा, पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरने.

राहिली टोपी. तिच्या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनावर ती फिरवली की दाब सुटतो, क्षणात वाफ होते आणि उकळतं कूलंट थेट चेहऱ्यावर येतं. वरचा होजपाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत टोपीला हात लावू नका.