पाळीच्या दुखण्याने मेंदू ‘आकसतो’? त्या संदेशातलं एकेक वाक्य

वयात आलेल्या मुलींच्या पालकांमध्ये एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: ‘पाळीत फार दुखणाऱ्या मुलींचा मेंदू आकसतो, हे एमआरआयमध्ये सिद्ध झालं आहे. ही हानी कधीच भरून येत नाही. म्हणूनच त्या चिडचिड्या आणि उदास होतात. गोळ्यांनी गर्भाशय कमजोर होतं, तेव्हा सहन करायला शिकवा. लग्न होऊन मूल झालं की सगळं थांबतं.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची चार त्याच्याच भरवशावर घराघरांत शिरतात.

‘मेंदू आकसतो’

यामागे खरं संशोधन आहे, ते नाकारायचं कारण नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये पाळीत तीव्र दुखणाऱ्या ३२ आणि न दुखणाऱ्या ३२ स्त्रियांचे मेंदू तपासले. दुखणाऱ्या गटात गर्भाशयाचा दुसरा कुठलाही आजार नव्हता. एमआरआय काढला तो बीजनिर्मितीच्या सुमारास, म्हणजे पोट अजिबात दुखत नसताना. तरीही दोन गटांमध्ये फरक दिसला. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या आणि भावनांवर ताबा ठेवणाऱ्या काही भागांत करडा भाग (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला चेतापेशींनी भरलेला भाग) सरासरीने कमी होता. वेदना दाबणाऱ्या आणि संप्रेरकांचं नियमन करणाऱ्या काही भागांत तो जास्त होता.

‘जास्त’ हा शब्द संदेशात आलाच नाही. नुसता ‘कमी’ उचलला की ‘आकसतो’ लिहिता येतं.

ही मोजणी होते कशी, तेही पाहू. संगणक मेंदूच्या चित्राचे साधारण एकेक घन मिलिमीटरचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात करडा भाग किती ते ठरवतो, सगळे मेंदू एका साच्यात बसवतो आणि मग दोन गटांच्या सरासरीची तुलना करतो. फरक गटाचा असतो. एकेकीची आकडेवारी पाहिली तर दोन्ही गट एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात, त्यामुळे एकाच मुलीचं चित्र समोर ठेवून ‘हिला पाळीत दुखतं’ असं कोणीही सांगू शकत नाही. चित्रातला आकडा कमी झाला म्हणजे पेशी मेल्या, असंही नाही. पेशींच्या फांद्या, रक्तवाहिन्या, अगदी पाण्याचं प्रमाण बदललं तरी तो हलतो. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात तीन महिने चेंडू उडवून झेलण्याचा सराव केलेल्यांचा करडा भाग काही ठिकाणी वाढला, आणि सराव थांबल्यावर तो पुन्हा उतरला. त्या उताराला कोणी मेंदूची हानी म्हटलं नाही.

अमेरिकेतल्या मिशिगनमधला २०१२ चा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर इतरत्र वाढण्याचा आजार, असूनही ज्यांना ओटीपोटाची जुनाट वेदना नव्हती, त्यांच्यात वेदनेशी निगडित भागांतली घट आढळली नाही. वेदना असलेल्यांमध्ये ती आढळली. म्हणजे मेंदूतला बदल आजाराच्या नावामागे जात नाही, तो वेदनेमागे जातो.

‘हानी कधीच भरून येत नाही’

तैवानच्याच गटाने २०१३ मध्ये त्याच प्रकारच्या स्त्रियांचा एमआरआय दुखण्याच्या दिवसांत आणि दुखणं नसलेल्या दिवसांत असा दोनदा काढला. एकाच चक्रात काही आठवड्यांच्या अंतराने करड्या भागाचं प्रमाण बदललेलं दिसलं. इतक्या लवकर हलणाऱ्या गोष्टीला कायमची म्हणता येत नाही. जर्मनीत २००९ मध्ये खुब्याच्या सांध्याची झीज झालेल्या रुग्णांमध्ये करडा भाग कमी दिसला होता. शस्त्रक्रियेनंतर वेदना थांबली तेव्हा ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांच्यात तो पुन्हा वाढला. ते दुखणं खुब्याचं होतं, पाळीचं नव्हे, हे लक्षात ठेवावं. पण ‘कधीच नाही’ हा दावा त्यापुढे टिकत नाही.

उलट्या टोकाला जाऊन ‘काहीच होत नाही’ म्हणणंही चूक. ऑक्सफर्डच्या २०११ च्या अभ्यासात पाळीत दुखणाऱ्या स्त्रियांना, दुखण्याचे दिवस नसतानाही, त्वचेला दिलेला उष्णतेचा चटका जास्त लागला, आणि तो केवळ पोटावर नव्हे. दर महिन्याला दोन-तीन दिवस तीच तार छेडली की मज्जासंस्था हलक्या स्पर्शालाही झणझणू लागते. संदेशाने यावरून ‘सहन करा’ हा निष्कर्ष काढला आहे. वास्तविक वेदना लवकर आणि पुरेशी आटोक्यात आणण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

‘म्हणूनच चिडचिड आणि नैराश्य’

तीन वेगळ्या गोष्टी इथे एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत.

पहिली, पाळीआधीची मनःस्थिती. बीजनिर्मितीनंतर कधीतरी सुरू होते, पाळीआधीच्या आठवड्यात टोकाला जाते आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत निवळते. तिचं तीव्र रूप २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र निदान आहे. याचं मूळ पोटदुखीत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात आधी औषधाने बीजकोशांचं काम थांबवलं, मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं. हा त्रास पूर्वी होणाऱ्यांची लक्षणं परतली. ज्यांना तो नव्हता त्यांच्यात तेवढ्याच संप्रेरकाने काही झालं नाही. संप्रेरकं ‘बिघडलेली’ नसतात, त्यांच्या नेहमीच्या चढउतारालाच काहींचा मेंदू वेगळी दाद देतो.

दुसरी, वेदनेतून येणारी उदासी. ही दुखण्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. तिचा एक मोठा रस्ता झोपेतून जातो. जोहान्सबर्गमधल्या संशोधकांनी दाखवलं की पाळीच्या रात्री दुखणाऱ्यांची झोप तुटते, आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिल्यावर वेदनेबरोबर झोपही सुधारते.

तिसरी, महिनाभर असणारं नैराश्य, जे पाळीच्या सुमारास फक्त गडद होतं. याच्याबद्दल २०२४ मधला एक जनुकीय अभ्यास गाजला. नैराश्याकडे झुकवणारे जनुकीय फरक असलेल्यांमध्ये पाळीच्या वेदनेची शक्यता वाढलेली दिसली, उलट दिशेचा दुवा मात्र मिळाला नाही. लगेच ‘बघा, सगळं मनाचंच’ असं म्हणणारे पुढे आले. नैराश्यात झोप आणि वेदना दाबणारी यंत्रणा बिघडते, त्यामुळे तीच कळ जास्त लागते. ती खोटी ठरत नाही.

तिन्ही वेगळ्या करायला वही पुरते. दोन पूर्ण चक्रं, रोज रात्री पाच नोंदी: रक्तस्राव आहे की नाही, वेदना ० ते १०, मन ० ते १०, झोप किती तास, कोणती गोळी किती वाजता. आठवणीवर विसंबून महिन्याअखेरीस भरलेली वही निरुपयोगी, कारण आठवणीत सगळेच वाईट दिवस पाळीला चिकटतात. मनाचा आकडा वेदनेच्या पाच-सहा दिवस आधीच घसरत असेल तर पोटदुखीची गोळी वाढवून उपयोग नाही. त्यासाठी नैराश्यावरची ठरावीक औषधं असतात, आणि ती काहींना पाळीआधीचे दोन आठवडेच दिली जातात. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर वहीसाठी थांबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

‘गोळ्यांनी गर्भाशय कमजोर होतं’

पाळीआधी प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटू लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ती गर्भाशयाला आवळतात, आवळल्याने तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि कळ येते. मळमळ, जुलाब, डोकेदुखी याही त्यांच्याच करामती. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत. म्हणून वेळ महत्त्वाची. कळा टिपेला पोचल्यावर घेतलेली गोळी आधीच तयार झालेल्या रसायनाला परत बोलावू शकत नाही, आणि मग ‘मला गोळी लागूच पडत नाही’ असं वाटतं.

प्रौढांसाठी नेहमीची पद्धत: पहिली चाहूल लागताच, पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशी, काही खाऊन आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, मग गरजेप्रमाणे ६ ते ८ तासांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि दोन-तीन दिवसच. मेफेनॅमिक ॲसिड पहिल्यांदा ५०० आणि पुढे दर ६ तासांनी २५० मिलिग्रॅम. दोन्ही एकत्र कधीच नाही. किशोरवयीन मुलीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. पॅरासिटामॉल या कामाला तोकडं पडतं.

‘गर्भाशय कमजोर’ यामागे असलेल्या वंध्यत्वाच्या भीतीत एक बारीकसा कण खरा आहे. ही औषधं बीजनिर्मितीच्या दिवसांत सलग घेतली तर बीज सुटायला उशीर होऊ शकतो, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतं. पाळीच्या तीन दिवसांत घेतलेल्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. या गोळ्यांचा खरा धोका वेगळ्या स्थितींत आहे: आधीच पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने उसळणारा दमा, गरोदरपणाची शक्यता. आणि पावसाळ्यात तापाबरोबर पाळी आली तर आधी डेंग्यू नाही याची खात्री करावी, तोवर या गोळ्या बंद. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस एका दुर्मिळ पण गंभीर प्रतिक्रियेचा इशारा दिला होता. ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी दिसल्या तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावेत, त्या काही आठवड्यांनी दिसल्या तरी.

शेकाला कमी लेखू नये. २००१ च्या एका चाचणीत ३८.९ अंश सेल्सियसची पट्टी दिवसाला १२ तास लावल्यावर आयबुप्रोफेनइतका आराम मिळाला. कोमट आणि सतत, हे त्यातलं मर्म. चटका बसेल इतक्या कढत पिशवीने फक्त त्वचेवर तपकिरी जाळी उमटते.

‘मूल झालं की थांबतं’

बाळंतपणानंतर अनेकींचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण उपचार म्हणून वाट पाहायला सांगणं म्हणजे एंडोमेट्रिओसिसला वर्षं बहाल करणं. साधं पाळीचं दुखणं पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतं आणि ८ ते ७२ तासांत सरतं. पाचातल्या जवळपास एकीला ते वरच्या गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. नीट वेळेवर आणि पुरेशा मात्रेत घेऊनही तीन चक्रांत फरक पडला नाही, दुखणं वर्षागणिक लांबत गेलं, पाळीत शौचाला किंवा लघवीला कळ येऊ लागली, संबंधाच्या वेळी खोलवर दुखू लागलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ती वही घेऊन जावं. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी एंडोमेट्रिओसिस नाही असं होत नाही, अस्तराचे बारीक ठिपके तिच्यात दिसत नाहीत. त्यासाठी निदानाच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहता, विरोधी कारण नसेल तर, संप्रेरकांचा उपचार सुरू करता येतो. आणि मेंदूचा एमआरआय मागू नये. त्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं.